तीरकामठा संग्रहालयात पाठवायचा आहे काय?



फोपनारचे नाव निघाले की आपण अभिमानाने सांगतो, १९६४ साली आमच्या गावच्या मातीतून प्राचीन ब्राँझ बुद्धमूर्ती निघाल्या आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयापर्यंत पोहोचल्या. अभिमान रास्तच आहे. पण मातीतून निघाले त्याचा गौरव आणि डोळ्यांदेखत संपत चालले त्याकडे पाठ, ही आपली जुनी खोड आहे. आज बोलायचे आहे ते तीरकामठ्याविषयी.

"हा भिल्ल, बारेला, कोरकूंचा विषय, आपल्याला काय त्याचे?" असे म्हणणारे आपल्यातच निघतील. त्यांना एवढेच विचारतो, आपल्या वाडवडिलांची शेती पिढ्यानपिढ्या कोणाच्या हातांवर उभी राहिली? दसऱ्याला आपण मुलांना रामाच्या धनुष्याची गोष्ट सांगतो, आणि बाजारच्या दिवशी खांद्याला कामठा लावलेला माणूस दिसला की त्याच मुलाला जवळ ओढतो. हे कसले संस्कार?

कामठा म्हणजे वाकवलेली काठी नव्हे. त्याला पक्व, भरीव बांबू लागतो. कोवळा बांबू सुकला की दगा देतो. तो सावलीत सुकवायचा, मग थोडा थोडा तासत, पुन्हा पुन्हा वाकवून पाहत दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत आणायचा. एक बाजू जास्त तासली की सगळी मेहनत चुलीत. दोरीसुद्धा बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची. दुसरे लाकूड धामणीचे, चिवट आणि लवचिक. कुऱ्हाडीचा दांडा त्याचाच आणि धनुष्यही. संस्कृतात तर धामणीला 'धनुर्वृक्ष' असेच नाव आहे. झाड कोणत्या कामाचे हे ज्यांनी ओळखले, त्यांना आपण अडाणी म्हणतो!

आता आक्षेपाकडे येऊ. २०२२-२३ मध्ये नेपानगरच्या जंगलात बेकायदा तोड झाली आणि अडवायला गेलेल्यांवर बाण चालले. तो गुन्हाच होता. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण झाडे पडली ती कुऱ्हाडीने. बाणाने एक फांदीही तुटत नाही. म्हणून काय कुऱ्हाड बनवणारा लोहार गुन्हेगार ठरतो? मग कामठा बनवणाऱ्या कारागिरावरच डाग का?

शिकारीची वकिली आम्ही करीत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने धनुष्यबाणाची गणना शस्त्रांत केली आहे, आणि शिकारबंदी योग्यच आहे. पण दुसरी बाजूही कायद्यातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून तो गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासींना दिला. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्यातील 'झाड' या व्याख्येतून वगळला. मध्य प्रदेशात पेसाचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, आणि आपल्या जिल्ह्यातील खकनार विकासखंड अनुसूचित क्षेत्रात आहे. हक्क कागदावर आहे. तो ठरावात उतरवून घ्यायला ग्रामसभेत हात वर करावा लागतो, आणि आपण तिथे फक्त रस्ता आणि नळ मागायला जातो!

पुढाऱ्यांचे तर बोलायलाच नको. व्यासपीठावर त्यांच्या हाती सजवलेला कामठा दिला की ती संस्कृती. तोच रानातून बांबू आणणाऱ्याच्या हाती दिसला की संशय. राजस्थानच्या अहारी जमातीचा लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्यावरच हात बसवून १९८८ च्या सोल ऑलिंपिकला गेला. भारतीय तिरंदाजीत बांबू-लाकडाच्या धनुष्यांचा 'इंडियन राउंड' आजही खेळला जातो. आपल्या शाळांना हे कोणी सांगितले काय?

धामणीचे लाकूड मात्र गौण वनोपजात बसत नाही. म्हणून रानावर भार न टाकता ती आपणच लावली पाहिजे. आपल्याकडे केळी आहे, कापूस आहे, बांध आहेत. तेव्हा मागणी सरकारकडे आहे, तशी आपल्याकडेही आहे:

१. बांधावर बांबू आणि धामण लावा.
२. कारागिराचा बांबूचा हक्क ग्रामसभेच्या ठरावात आणायला साथ द्या.
३. शाळेच्या मैदानावर त्याला गुरू म्हणून बोलवा, आणि बिदागी द्या. नुसता हार घालून पाठवू नका.

हे जमत नसेल तर एक करा. संग्रहालयात बुद्धमूर्तींशेजारी एक काचेचे कपाट आत्ताच राखून ठेवा. मात्र त्यावर पाटी लावताना कामठा संपला कोणामुळे, तेही लिहा.