सत्काराची शाल नको, सरावाची मॅट द्या!

वर्ष संपत आले की सत्कार समारंभांना ऊत येतो. यंदा आमच्या वस्तीतल्या कराटे-ज्युदो वर्गाचाही सत्कार ठरला आहे. कारणही तसेच आहे. या वर्गातल्या मुलामुलींनी वर्षभरात तालुका आणि जिल्हा पातळीवर पदके आणली. एका मुलीची ज्युदोच्या राज्य शालेय स्पर्धेसाठी निवड झाली. तिची आई चार घरची धुणीभांडी करते, वडील नाका कामगार आहेत. या पोरांचे अभिनंदन आम्ही ऊर भरून करतो. पण ज्यांचे फोटो फ्लेक्सवर पोरांपेक्षा मोठे झळकणार आहेत, त्यांना दोन प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही टाळ्या वाजवणार नाही.

पहिला प्रश्न. ही पोरे सराव कुठे करतात? समाजमंदिरासमोरच्या फरशीवर! ज्युदोत पहिला धडा असतो तो पडण्याचा. अंग सांभाळून कसे पडायचे, हे हजार वेळा पडूनच शिकावे लागते. ते फरशीवर शिकायचे? समाजमंदिराचा हॉल लग्नाला, वाढदिवसाला आणि निवडणुकीच्या बैठकीला उघडतो. पोरांसाठीच कुलूप का?

दुसरा प्रश्न प्रमाणपत्राचा. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी खेळ आणि संघटना मान्यताप्राप्त लागते, प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून व्हावी लागते. कराटेत तर संघटनांचा बाजारच भरला आहे. प्रत्येकाची वेगळी 'राष्ट्रीय' स्पर्धा, वेगळी प्रवेश फी, वेगळा बेल्ट. मोलकरणीच्या पगारातून फी भरून आणलेला तो 'राष्ट्रीय' कागद पडताळणीत टिकला नाही, तर जबाबदार कोण? एकीकडे बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे याच राज्यात उघड झाली. दुसरीकडे खरा घाम गाळणाऱ्या पोराला कोणता कागद चालतो हे सांगणारा माणूस नाही. माहिती दडवून ठेवणे ही या व्यवस्थेची जुनीच खोड आहे.

आता थोडे आपल्या माणसांशी. आपल्यातले काही शहाणे म्हणतात, "बुद्धाच्या धम्मात ही हाणामारी कशाला? पोरांनी अभ्यास करावा." त्यांना आम्ही महाडची आठवण देतो. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर आपल्या माणसांवर लाठ्यांनी हल्ला झाला. परिषदेला आलेल्यांत पलटणीत नोकरी केलेले कितीतरी जण होते. त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, आणि ते आवरले गेले. ज्याच्या मनगटात बळ आहे त्याचाच संयम संयम ठरतो. दुबळ्याच्या गप्प बसण्याला जग लाचारी म्हणते. म्हणूनच बाबासाहेबांनी समता सैनिक दलही उभे केले. आणि अभ्यासाचे म्हणाल, तर जोतीराव फुले लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत दांडपट्टा शिकले होते. तालीम केली म्हणून जोतीरावांची लेखणी बोथट झाली काय?

आणखी एक भ्रम मोडला पाहिजे. पदक मिळाले की जात विसरली जाते, हा तो भ्रम. टोकियो ऑलिम्पिकमध्ये वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक केली. ऑलिम्पिकमध्ये अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय महिला. काही दिवसांतच, ऑगस्ट 2021 मध्ये, उपांत्य सामना भारत हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडून कुटुंबाला जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या. जिंकलात तर देशाची लेक, हरलात तर जात! तेव्हा आपल्या पोरांची किंमत आपण पदकांवर ठरवू नये. पदक न मिळालेली, पण रात्री क्लासवरून मान वर करून घरी येणारी मुलगी हीसुद्धा या वर्षाची कमाईच आहे.

म्हणून सत्कार जरूर करा, पण शाल-श्रीफळ आणि फ्लेक्सचा खर्च मॅटवर करा. समाजमंदिराचा हॉल रोज संध्याकाळी दोन तास वर्गाला द्या. प्रवेश फी भरण्यापूर्वी कोणती स्पर्धा क्रीडा खात्याला मान्य आहे, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडून लेखी घ्या आणि ती यादी बुद्धविहाराच्या फलकावर लावा. वस्तीतल्या नोकरदारांनी महिन्याला एकेका मुलाची फी उचलावी. आरक्षणातून जे उभे राहिले, त्यांच्यावर समाजाचे एवढे ऋण नक्कीच आहे.

एवढे झाले तर पुढच्या वर्षी टाळ्या वाजवायला आम्ही सर्वांत पुढे असू. नाही झाले, तर त्याच स्टेजवर येऊन हिशेब मागू.

जय भीम!