लेकराच्या जिवाला 5 लाखांची हद्द कोणी घातली?



ब्लड कॅन्सर झालेल्या लेकराचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतं, आईबाप कर्जात बुडतात आणि काही महिन्यांत आजार उलटतो. मग नातलग म्हणतात, 'नशिबाचे भोग!' बाबासाहेबांच्या लेकरांनी हे ऐकून गप्प बसायचं नाही. इथे प्रश्न विज्ञानाचा आहे आणि सरकारी तिजोरीचा आहे.

विज्ञान काय म्हणतं? ट्रान्सप्लांटनंतर आजार उलटला तरी सगळं संपत नाही. कॅन्सर बी-पेशींचा असेल तर कार-टी उपचार करता येतो. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला लावतात आणि पुन्हा शरीरात सोडतात. हमी नाही. काहींचा आजार पुन्हा येतो, काहींना दुसरं ट्रान्सप्लांट लागतं. पण जगण्याची संधी मिळते.

भारतात ही संधी पहिल्यांदा उघडली ती आपल्याच पनवेल तालुक्यात! 4 जून 2021 रोजी खारघरला, टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये. टाटा आणि आयआयटी मुंबईच्या या कामाला केंद्र सरकारनं 19.15 कोटींचं पाठबळ दिलं. ऑक्टोबर 2023 मध्ये 'नेक्सकार19'ला मंजुरी मिळाली. अमेरिकेत असा उपचार 2017 मध्ये 4,75,000 डॉलरला बाजारात आला होता, आपला 30 ते 40 लाखांत. 'स्वस्त' म्हणून टाळ्या वाजल्या.

कोणासाठी स्वस्त? नाक्यावर काम शोधणाऱ्या बापासाठी? धुणीभांडी करणाऱ्या माऊलीसाठी? महात्मा फुल्यांच्या नावाची जनआरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं कवच देते. उरलेले 25-35 लाख कुठून आणायचे? त्यात ती मंजुरी 15 वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी. त्याहून लहान लेकरांनी चाचण्यांची वाट बघायची.

म्हणजे पैसा जनतेचा आणि उपचार पैसेवाल्यांचा! गरिबानं मोबाईलवर आजारी लेकराचा फोटो टाकून हात पसरायचे. तिथेही ज्याच्या ओळखी मोठ्या त्याची झोळी आधी भरते. हे दान आपल्याला नको, हक्क हवा.

संविधानाचं कलम 21 जगण्याचा हक्क देतं. कलम 47 सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य ठरवतं. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की पैसा नाही म्हणून सरकारला ही जबाबदारी झटकता येणार नाही.

म्हणून आपली मागणी साफ आहे. उलटलेल्या ब्लड कॅन्सरच्या उपचाराचा पूर्ण खर्च सरकारनं उचलावा. लहान मुलांवरच्या चाचण्यांना सरकारी निधी मिळावा. आणि साथींनो, जयंतीला डीजेवर उडणाऱ्या पैशाचा हिशेब आपणही द्यायचा आहे. रक्त द्या, प्लेटलेट्स द्या, मॅरोदाते म्हणून नाव नोंदवा.

बाबासाहेब आणि रमाईनं चार लेकरं गमावली. त्या दुःखाचे वारसदार आपण आहोत. मग दुसऱ्याचं लेकरू पैशाअभावी जाताना बघत कसे बसणार?

जय भीम! जय संविधान!