भाई मरतो, आई रडते

मागल्या पावसाळ्यात मुळशीत पाव्हण्यांकडे गेलो होतो. वस्तीतली सात-आठ वर्षांची पोरं खेळत होती. एकाच्या हातात काठी. म्हणे हा कोयता. तो 'भाई'. एक पोरगी खेळायला आली तर भाई म्हणाला, "तू आई हो. मी मेल्यावर रडायचं."

हे त्याला कोणी शिकवलं?

२०१८ साली प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' आला. जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा पोरगा गुंड होतो, ही त्याची गोष्ट. जमिनी गेल्या हे खरंच, हिंजवडी बघा. हा रस्ता मरणाचा, हेही सिनेमा सांगतो. पण पोरांनी शेवट सोडला, ऐट उचलली. २०२२-२३ मध्ये पुण्यात 'कोयता गँग' पेपरात गाजली. अल्पवयीन पोरं पकडली गेली. रीलवर कोयते नाचले. कोर्टकचेरीला कोणाच्या आया खेटे घालतात, हे काय सांगायला पाहिजे?

आता पडद्याबाहेर बघा. मुळशीत भातलावणीला चिखलात बाया वाकतात. कापणीला विळा बायांच्या हातात. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह झाला, त्यातही बाया उतरल्या. पण पडद्यावर बाईला काम एकच. रडायचं. आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, विकायला गुंठाभर जमीन नव्हती, ते तर पडद्यावर रडायलाही नाहीत.

२०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात आई-बाप दोघंही भाजी निवडताना दाखवले. चांगलं केलं. पण पुस्तक दप्तरात राहतं, मोबाईल हातात.

आणि दोस्तांनो, दुसऱ्याला किती शिव्या घालायच्या? जयंतीच्या आपल्या बॅनरवर कोण असतं? गॉगल लावलेले भाऊ न् दादा. पोरी कुठायत? रमाईसुद्धा आपण नुसती सोसणारी दाखवतो. १८५५ साली पुण्यात जोतिबा-सावित्रीच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं, मांगाच्या चौदा वर्षांच्या पोरीनं, 'ज्ञानोदय'मध्ये लिहून धर्मालाच जाब विचारला. तिचं नाव आपल्या किती पोरींना ठाऊक आहे?

येत्या १४ एप्रिलला एवढं करा. बॅनरवरचे भाऊ उतरवा, मुक्ताचं नाव लावा. माईक पोरीच्या हातात द्या. पंगतीत पोरांनी वाढावं, मागची भांडीही त्यांनीच घासावीत. लहान पोरं भाषणानं शिकत नाहीत, बघून शिकतात.

जय भीम!