ड्रम कोण उचलतो?

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला मेफेड्रोनचा, म्हणजे एमडीचा कारखाना उघडकीस आणला. त्याच महिन्यात सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत धाड पडली. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलीस दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यात पोहोचले. मथळे सगळीकडे एकाच साच्यातले होते : इतके किलो, इतके कोटी. पोलिसांचे अभिनंदन व्हायलाच हवे, कारण हे विष सर्वात आधी आपल्याच वस्त्यांतल्या पोरांच्या नाकात जाते. पण कॅमेरे निघून गेल्यावर त्या शेडमध्ये उरलेले ड्रम, अर्धवट शिजलेला रस्सा, फरशीवर सांडलेले आम्ल आणि नाल्यात सोडलेले पाणी, हे सगळे कोण उचलतो? कोणत्या हातमोज्यांनी?

चोरीच्या मालाचे गोदाम आणि अमली पदार्थांची प्रयोगशाळा यांत मोठा फरक आहे. प्रयोगशाळेत ज्वलनशील द्रावकांची वाफ कोंडलेली असते. तिथे दिव्याचे बटण दाबले तरी ठिणगी पडू शकते. भांड्यात प्रक्रिया चालू असेल आणि कोणी घाईने थंड पाण्याचा पुरवठा बंद केला, तर ते भांडे फुटू शकते. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवता येत नाही, कारण चोर बाटलीत काय भरतो ते चिठ्ठीवर लिहीत नाही. आत काय आहे ते हुंगून पाहणे हा तर आत्मघातच.

जगाने हे धडे फार आधी घेतले आहेत. अमेरिकेत मेथच्या प्रयोगशाळांवर जाणाऱ्यांना धोकादायक रसायनांचे चाळीस तासांचे प्रशिक्षण लागते आणि दरवर्षी उजळणी करावी लागते. संशयितांना बाहेर काढणारे पथक वेगळे, आणि हवा मोजून, श्वसनयंत्र लावून आत जाणारे पथक वेगळे. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला, आरोपीलासुद्धा, धुऊन मगच गाडीत बसवायचे. वॉशिंग्टन राज्यात आरोग्य अधिकारी अशा घरावर सूचना लावतो आणि सफाई प्रमाणित झाल्याशिवाय तिथे कोणाला राहू देत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने 2011 मध्ये रसायनांच्या हाताळणीची आणि विल्हेवाटीची मार्गदर्शिकाही काढली आहे. म्हणजे ‘कसे करायचे ते माहीत नव्हते’ ही सबब उरलेली नाही.

आपल्याकडे एनडीपीएस कायद्याचे कलम 52 अ आहे. जप्त मालाची यादी करायची, दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने घ्यायचे, बाकीचा माल लवकर नष्ट करायचा. गोदामांत वर्षानुवर्षे सडणाऱ्या मालाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या मोहनलाल प्रकरणात सरकारांना फटकारले, आणि डिसेंबर 2022 मध्ये जप्ती, साठवण व विल्हेवाटीचे नवे नियम आले. पण हे नियम वाचून पाहा. त्यांचा सगळा जीव पुराव्यात गुंतला आहे. नमुना बदलला जाऊ नये, सील तुटू नये, वजन कमी भरू नये. हे सगळे आवश्यकच आहे. पण सील लावणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसाचे काय?

नोव्हेंबर 2025 मध्ये श्रीनगरच्या नौगाम पोलीस ठाण्यात काय झाले ते आठवा. माल अमली पदार्थांचा नव्हता, स्फोटकांचा होता, पण काम तेच होते : जप्त रसायनाचे नमुने घेणे. स्फोट झाला आणि नऊ जण गेले. त्यांत न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे कर्मचारी होते, छायाचित्रकार होते, महसूल खात्याची माणसे होती. आणि एक शिंपी होता. नमुन्यांच्या पिशव्या शिवायला त्याला बोलावले होते. त्याच्या नोकरीच्या करारात रसायन नव्हते, कारण त्याचा करारच नव्हता.

हा शिंपी आपल्याकडच्या प्रत्येक धाडीत असतो. कधी तो पंच म्हणून उभा केलेला रिक्षावाला असतो, कधी टेम्पोतून ड्रम उतरवणारा नाक्यावरचा हमाल, कधी नगरपालिकेचा ठेकेदारी सफाई कामगार. फौजदाराच्या तोंडाला रुमाल तरी असतो. त्याच्याखालचा शिपाई, बहुतेक वेळा बहुजन घरातलाच, उघड्या तोंडाने उभा असतो, आणि त्याच्याही खालच्याला ‘ए, तो डबा उचल’ एवढेच सांगितले जाते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही पायऱ्यांची विषमता पुस्तकातून शिकलो. धाडीच्या ठिकाणी ती रसायनाच्या वासासकट दिसते. घाण कोणी करायची आणि कोणी उपसायची हे या देशात जन्मावर ठरत आले आहे. गटारात उतरणाऱ्यांसाठी 2013 चा कायदा आहे, संरक्षक साधनांची भली मोठी यादी आहे, गटारातल्या मृत्यूला तीस लाखांच्या भरपाईचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही ऑक्टोबर 2023 चाच आहे. तरी माणसे मरतात. मग जिथे यादीसुद्धा नाही, तिथल्या कामगाराने कोणाच्या भरवशावर ड्रम उचलावा?

ड्रमवरून आणखी एक. वस्तीत काम करताना दारोदार पाण्याने भरलेले निळे ड्रम दिसतात. बरेचसे भंगारातून आलेले. त्यांत आधी काय होते ते विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणारीला परवडत नाही विचारायला. ज्या राज्यात नळ एक दिवसाआड येतो, तिथे जप्त कारखान्यातला रिकामा ड्रम भोक पाडून निकामी केला पाहिजे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

नाशिकच्या प्रकरणात गिरणा नदीत फेकलेले एमडी शोधायला पाणबुडे उतरवले गेले. पुराव्यासाठी नदीत उतरणारे सरकार काठावरच्या विहिरींचे पाणी तपासायलाही तितक्याच तातडीने उतरले पाहिजे.

‘धाडीच्या वेळी एवढे सोपस्कार करत बसलो तर आरोपी पळतील’, असे पोलीस म्हणतात. आरोपी पकडायला मिनिटे लागतात, ती घ्या. त्यानंतर दार उघडे ठेवा, माणसे बाहेर काढा, आणि रसायनतज्ज्ञ येईपर्यंत थांबा. ड्रम काही पळत नाहीत. प्रत्येक परिक्षेत्रात एक प्रशिक्षित पथक हवे. उरलेला रासायनिक कचरा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या देखरेखीखाली, 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार गेला पाहिजे, आणि त्याचा खर्च कारखानदाराच्या जप्त मालमत्तेतून वसूल झाला पाहिजे. जागा स्वच्छ झाल्याचा दाखला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. आत राबणाऱ्या मजुरांची, ते आरोपी असले तरी, कोठडीत पाठवण्याआधी वैद्यकीय तपासणी व्हावी.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. खाणकामगाराच्या कल्याणाचा निधी त्यांनी कायद्यात बसवला, मालकाच्या दयेवर सोडला नाही. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात आज जप्त मालाच्या वजनासाठी रकाना आहे. ड्रम हलवणाऱ्याचे नाव, त्याला दिलेली साधने आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी कोणाची, यासाठीही एक रकाना छापायला गृहखात्याला एक परिपत्रक पुरे आहे.