सूर कुणाचा डुलतो?

दिवाळीत चार पाहुणे जमले, फराळ आटोपला, की जुन्या गाण्याचा विषय निघतोच. आणि त्या बैठकीत एक तरी गृहस्थ असा असतो, की जो चिवड्याचा बकाणा भरता भरता निकाल देऊन टाकतो : "जुने गवई थोर होते म्हणतात, पण रेकॉर्ड लावून पाहा! आवाज पिपाणीसारखा, ताना घाईच्या, सूर जागेवर नाही." तबकडी खोटे बोलत नाही अशी या गृहस्थांची श्रद्धा असते. मी म्हणतो, तबकडीइतका बेभरवशाचा साक्षीदार शोधून सापडायचा नाही. आणि अशाच एका साक्षीवर आमच्या घरातल्या एका माणसाला जन्मभर शिक्षा झाली आहे.

आमच्या आजोबांचे थोरले बंधू आण्णा इंदापुरास कीर्तन करीत. तरुणपणी त्यांच्या एका भजनाची तबकडी निघाली. कंपनीचे नाव मी घेत नाही. एक निघाली, दुसरी कधी निघाली नाही. त्या तबकडीत आण्णांचा सूर डुलतो, आणि अखेरीस वरच्या षड्जाकडे जाताना तर फारच डुलतो. गावाने निदान केले, की बुवांना दम पुरत नाही. कीर्तनाला माणसे येत, पण पाठीमागे 'डुलते बुवा' म्हणत. घरातही ती थट्टा चालू राहिली. लहानपणी मीही ती केलेली आहे, आणि हे लिहिताना त्याची लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात ती तबकडी गोधडीत गुंडाळून मी एस.टी.ने बारामतीला आणली. चावीच्या फोनोवर चढवली आणि या खेपेस नुसते ऐकत न बसता नीट पाहिले. तबकडीच्या प्रत्येक फेऱ्यागणिक सुईचा दांडा डावी-उजवीकडे झुलत होता! कंपासपेटीतले कर्कटक घेऊन मोजले. मधल्या भोकापासून सगळ्यांत आतल्या रेघेचे अंतर एका बाजूला दुसरीपेक्षा ३ मिलिमीटर जास्त. म्हणजे भोकच मध्यापासून दीड मिलिमीटर सरकलेले.

दीड मिलिमीटराने काय होते, असे कुणी विचारील. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. बाहेरच्या कडेला रेघेची त्रिज्या सुमारे १२ सेंटिमीटर असते. तिथे एवढ्या फरकाने सूर सव्वा टक्का वर-खाली होतो, फारसा जाणवत नाही. पण आत त्रिज्या ५ सेंटिमीटरांवर आली, की तोच फरक ३ टक्के वर आणि ३ टक्के खाली जातो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटीवरची जवळजवळ एक अख्खी पट्टी! गवई चढायचा शेवटी, आणि दोषही वाढायचा शेवटी. गावाला तो दम संपल्यासारखा ऐकू आला, यात गावाचे तरी काय चुकले?

इंदापुरास आमच्या चुलतभावाकडे त्याच तबकडीची दुसरी प्रत आहे. तिचेही भोक तेवढेच आणि त्याच बाजूला सरकलेले आहे. तेव्हा चूक एका प्रतीची नाही, साच्याची आहे.

आता वेगाचे पाहा. '७८' हा आकडा पुष्कळ उशिरा स्थिर झाला. आरंभीच्या काळात कुणी ७४ फेऱ्यांनी कोरी, कुणी ८० ने. ७४ ची तबकडी ७८ ने वाजवली तर काळी एकमध्ये गाणारा गवई जवळजवळ पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, आणि त्याची तानही तेवढीच पळते. पिपाणीचा आवाज आणि घाई, दोन्ही एका फटक्यात! १९०२ साली कलकत्त्यात गोहरजानचे गाणे मुद्रित झाले, त्या तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी गायिकेने आपले नाव पुकारायचे. ज्याला नावही कळत नाही, त्याला षड्ज ढळल्याचे काय कळणार?

बरे, गवयाने तरी तक्रार कधी करावी? गाणे मेणाच्या चकतीवर कोरले जाई. ती चकती वाजवून पाहिली की बिघडे. त्यामुळे आपण काय गायलो हे गायकाला तिथल्या तिथे ऐकताच येत नसे. १९२५ च्या सुमारास विजेचे ध्वनिमुद्रण निघाले. त्याआधी कर्ण्यात तोंड घालून ओरडावे लागे, आणि डग्ग्याचा घुमार तर कर्ण्यात शिरतच नसे. वर तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल संपवायचा. त्या कोंडवाड्यातून अब्दुल करीम खाँसाहेबांचा सूर आपल्यापर्यंत पोहोचला याचेच नवल करावे. भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँ यांची तबकडी नाही. त्यांचा सूर हलतो असे म्हणायची कुणाची छाती नाही!

काही रसिक म्हणतात, "मिळाले तेवढे पदरात घ्या, दोष कसले काढता?" दोष काढायचे नसतील तर गवयाचेही काढू नका. पोथी उतरवणाऱ्याने एक मात्रा गाळली, तर मोरोपंतांना आर्या साधत नव्हती असे आमच्या बारामतीत कुणी म्हणेल काय? आपण पाठभेद पाहतो, लेखनिकाला दोष देतो. गवयाच्या वाट्याला हा साधा न्याय का नाही?

हल्ली जुनी गाणी संगणकावर चढवली जातात. उद्योग चांगला आहे; पण कितीक जण भोक मध्यावर आहे की नाही पाहत नाहीत, वेग कोणता धरला ते सांगत नाहीत, आणि वर खरखर काढतो म्हणून आवाजाची धारही पुसून टाकतात. ती खरखर लाखेत मिसळलेल्या दगडाच्या भुकटीची असते. थोडी आमच्या वाडवडिलांचीही आहे. प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई लावायची असे. काटकसरीपायी त्यांनी एकीवर महिनाभर भागवले आणि रेघा खरवडल्या. त्याचे खापर मी कंपनीवर फोडत नाही.

मी सोनाराकडून बारीक गोल कानस आणली. लाखेची वस्तू, टवका उडाला असता तर आण्णा कायमचे गेले असते. तासभर जपून घासून भोक मोठे केले, तबकडी अंदाजाने मध्यावर सरकवली आणि सुई टेकवली. दांडा स्थिर. आण्णा वरच्या षड्जाला गेले आणि तिथे उभे राहिले.

चुलतभावाला हे कळवले. त्याची प्रत मात्र तो घासू देत नाही. जुनी चीज आहे, किंमत उतरेल म्हणतो. पाहुणे आले की तो ती लावतो आणि 'डुलते बुवा'ची गोष्ट सांगतो. या दिवाळीतही सांगेल.