चिठ्ठीवाल्याला औषध, वस्तीवाल्याला कोठडी

दारू दुकानाविरुद्ध सह्या गोळा करत वस्तीत फिरत होतो. एका मावशींनी सही केली, पण प्रश्नही विचारला. त्यांच्या मुलाला हातभट्टीच्या केसमध्ये दोनदा उचललं होतं. म्हणाल्या, "भाऊ, बंगल्यातले लोक पितात ते काय औषध असतं का?"

कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर 'होय' असं आहे, म्हणून हा लेख.

आपल्या राज्यात आजही १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदाच नाव बदलून चालू आहे. दारू न मिळाल्यास ज्याच्या प्रकृतीवर गंभीर आणि कायमचा परिणाम होईल, त्याला परवाना द्यावा अशी सोय मूळ कायद्यातच होती. म्हणजे बंदी सर्वांना, पण डॉक्टरचं प्रमाणपत्र आणणाऱ्याला सूट. संविधानाच्या कलम ४७ मध्येही 'औषधी प्रयोजन' वगळलेलं आहे. १९५१ साली बालसरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी कायम ठेवला, मात्र अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी रद्द केली. औषधावर बंदी नको, हे योग्यच. प्रश्न असा आहे की 'औषध' कोणाच्या ग्लासातल्या दारूला म्हणायचं, हे कोण ठरवतं?

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळत होती. गुजरातला हाच मुंबईचा कायदा वारशाने मिळाला. तिथे आजही प्रकृतीच्या कारणाने परमिट मिळतं. डिसेंबर २०२३ मध्ये गिफ्ट सिटीतल्या कंपन्यांच्या लोकांसाठी आणखी सवलत आली. त्याच गुजरातेत अहमदाबादच्या छारानगरातला माणूस जन्मानेच दारूवाला समजला जातो. इंग्रजांनी 'गुन्हेगार जमात' म्हणून मारलेला शिक्का कागदावरून १९५२ साली गेला, पोलिसांच्या डोक्यातून गेला नाही.

चिठ्ठी मिळवायला ओळखीचा डॉक्टर लागतो, फी लागते, साहेबासमोर खुर्चीवर बसण्याची सवय लागते. यातलं काहीच नसलेला माणूस हातभट्टीकडे जातो. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. त्यात बंगल्यातलं कोण होतं?

आता काही बांधव म्हणतील, तुम्ही बौद्ध, पंचशील घेता आणि दारूबंदीवर टीका करता? हो, करतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि मी ती पाळतो. पण त्याच बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने १९५१ च्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला विरोध केला होता. महसूल बुडतो आणि दारू घराघरांत गाळली जाऊ लागते, हा त्यांचा मुद्दा होता. यात विसंगती नाही. शील माणूस स्वतः घेतो. पोलिसाच्या काठीने दिलेलं शील हे शील नसतं, त्यातून हप्ता तयार होतो.

याचा अर्थ दारू मोकाट सोडा असा नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हा शेतकऱ्याचं नाव पुढे करण्यात आलं. कधी प्रकृतीचं नाव, कधी शेतकऱ्याचं. संसार मोडतो त्या बाईचं नाव मात्र कुणीच घेत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात.

पहिली, परवान्यातलं प्रकृतीचं ढोंग बंद करा. नियम लावायचा तर बंगल्याला आणि वस्तीला एकच लावा.

दुसरी, 'आडवी बाटली'चं मतदान सोपं करा. २००८ च्या आदेशात दुकान बंद करायला एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात, अशी अट घातली गेली. म्हणजे कामावर गेलेली, गाव सोडून ऊसतोडीला गेलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जाते. आमदार निवडताना असा हिशोब लावतात का? झालेल्या मतदानाचं बहुमत पुरेसं माना.

तिसरी मागणी सगळ्यात महत्त्वाची. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की हातपाय थरथरतात, झटके येतात, प्रसंगी जीव जातो. खरी 'वैद्यकीय गरज' ही आहे. त्यासाठी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात खाट, डॉक्टर आणि फुकट औषध द्या. दारूतून मिळणाऱ्या महसुलावर पहिला हक्क या खाटेचा आहे.

मावशींना मी एवढंच म्हणालो, "मावशी, त्यांच्याकडे कागद आहे." त्या म्हणाल्या, "मग आपल्यालाबी कागद लागंल." त्यांना दारूचा परवाना नको होता. त्यांना मुलासाठी दवाखान्याचा केसपेपर हवा होता. तो मिळेपर्यंत आपण सह्या गोळा करत राहू.

जयभीम.