मालवणचे घुर्ये आणि लोणीकंद गाव

समाजशास्त्र म्हटले की तो शहरातल्या कॉलेजचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटते. पण आपल्या देशात हा विषय ज्यांनी रुजवला ते डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे. जन्म १२ डिसेंबर १८९३. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे.

मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात ते संस्कृत शिकले, एम. ए. ला सुवर्णपदक मिळवले. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला होता. त्याचे प्रमुख पॅट्रिक गेडिस यांच्या नजरेत हा तरुण भरला आणि घुर्ये विलायतेला गेले. केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आल्यावर १९२४ साली त्या विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली, ती १९५९ पर्यंत.

‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी. एम. एन. श्रीनिवास त्यांचेच. अ. र. देसाई तर मार्क्सवादी, गुरूशी मत न जुळणारे. तरी त्यांचा प्रबंध घुर्ये यांच्याच हाताखाली झाला. स्वतः घुर्ये ग्रंथांत रमणारे, पण विद्यार्थ्यांना एखादी जमात, एखादे गाव, लग्नाच्या चालीरीती असे विषय देऊन बाहेर पाठवीत. आदिवासींना त्यांनी ‘मागासलेले हिंदू’ म्हटले, ते पुष्कळांना पटले नाही. मलाही पटत नाही.

आपल्या कामाचे त्यांचे पुस्तक वेगळेच आहे. पुण्याजवळ नगर रस्त्यावर लोणीकंद गाव आहे. पेशवाई बुडाल्यावर लगेच, १८१९ च्या सुमारास, कंपनी सरकारच्या नोकरीतला डॉक्टर थॉमस कोट्स तेथे गेला. घरे कशी, लोक खातात काय, अंगावर कपडे कोणते, औते किती, सावकाराचे देणे किती, सारे त्याने टिपले. सव्वाशे वर्षे उलटल्यावर घुर्ये यांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी केली. पुस्तक १९६० साली निघाले. जुने टिपण हाताशी होते म्हणूनच गावात काय बदलले, काय तसेच राहिले, हे ताडून पाहता आले. नाहीतर पूर्वी सुबत्ता होती असे एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने मान डोलवायची! घुर्ये यांची समाजसेवा मी यात पाहतो.

आता आपल्या वाडीचे असे टिपण कुणाकडे आहे? सातबारा आहे. पण सातबारा नावे सांगतो, कुणगा पडीक का राहिला ते सांगत नाही. बारा नावे, त्यांतली नऊ मुंबईला, मग मेर घालणार कोण? हे वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांकडून अर्ध्या तासात कळते. आणखी दहा वर्षांनी ते सांगायला कोण असेल?

घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर चतुर्थीच्या सुट्टीत तिच्या हाती एक दोनशे पानी वही द्या. चाकरमानीही तेव्हा गावातच असतात. वालय, सोरटी ही भाते कोणत्या कुणग्यात होत, ती कोणत्या साली सुटली, दावणीचे बैल कधी गेले, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरे, हे सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून लिहू द्या. जे आठवत नाही तेथे अंदाज ठोकू नये. कर्जाचा आकडा बहुधा कोणी सांगणार नाही; तेवढी जागा कोरी सोडावी.